आधी श्वास

‘सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस’ असं मोजताना हात मंदावतो. अंगणवाडी सेविकांच्या एका प्रशिक्षणात हे माझ्या पहिल्यांदा ध्यानात आलं. समोर सतरंजीवर रबरी बाळ, त्याच्या छातीवर हात आणि तोंडाने मोजणी. दहापर्यंत सगळ्या जणी झपझप जायच्या. विशीच्या पुढे आपले आकडे लांबत जातात. एक ‘एकोणतीस’ म्हणेपर्यंत छातीवर दोन दाब देऊन व्हायला हवेत. मिनिटाला १०० ते १२० दाब ही जी गती ठेवायची असते, ती नेमकी तिथे तुटायची. शेवटी पन्नाशीच्या एका सेविकाबाईंनीच तोड काढली. “मॅडम, दहाच मोजू की तीनदा!” एक ते दहा, पुन्हा एक ते दहा, पुन्हा एक ते दहा आणि मग दोन श्वास. तेव्हापासून मी सगळीकडे असंच शिकवते. या पुस्तकातही तसंच छापलं आहे.

इंग्रजी पुस्तिकेचं भाषांतर करत बसलो असतो, तर ही अडचण आम्हाला कधी कळलीच नसती. तान्ह्या बाळांना आणि लहान मुलांना सीपीआर कसा द्यायचा हे घरातल्या माणसांना, शिक्षकांना, आशाताईंना आणि शाळेच्या बसवरच्या मावशींना त्यांच्याच भाषेत समजावं, म्हणून हे पुस्तक लिहिलं गेलं. लिहिणाऱ्या दोघी अतिदक्षता विभागात वर्षानुवर्षं काम केलेल्या परिचारिका आहेत. प्रस्तावना लिहायचं काम त्यांनी माझ्याकडे सोपवलं. त्यांनी सांगितलं नसतं, तरी मी मागून घेतलं असतं.

त्याचं कारण एक जुनी दुपार आहे. मी नुकतंच तालुक्याच्या गावी बालरोगतज्ज्ञ म्हणून काम सुरू केलं होतं. एक मोटारसायकल दारात येऊन थांबली. मागे बसलेल्या आईच्या मांडीवर, पदरात गुंडाळलेला दोन वर्षांचा मुलगा होता. गोठ्याजवळच्या हौदात पडला होता. पदरातून अजून पाणी ठिबकत होतं. घरून निघून त्यांना पाऊण तास झाला होता. वाटेत एका दवाखान्यात ते थांबलेही होते, पण तिथे “मोठ्या ठिकाणी न्या” एवढंच सांगितलं गेलं. त्या पाऊण तासात मुलाच्या तोंडात कुणीही एकसुद्धा श्वास घातला नव्हता. आम्ही प्रयत्न केले, उपयोग झाला नाही. संध्याकाळी वडील पुन्हा आत आले आणि त्यांनी एकच विचारलं, “गाडी आणखी जोरात हाणायला हवी होती का?”

त्यांना त्या वेळी मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. खरं उत्तर होतं की गाडी काढण्याआधी दोन मिनिटं थांबायला हवं होतं. हौदाच्या काठावर, तिथल्या तिथे. हे त्यांना कुणी कधी सांगितलं नव्हतं, त्यामुळे त्यात त्यांचा काडीचाही दोष नव्हता. आपल्याकडे मूल बेशुद्ध दिसलं की ‘उचला आणि पळा’ हीच रीत आहे. प्रेमापोटीच माणूस पळतो. पण मेंदूला प्राणवायू मिळाला नाही, तर काही मिनिटांतच कायमची इजा व्हायला लागते, आणि तेवढ्या वेळात कुठलाच दवाखाना गाठता येत नाही. ती मिनिटं घराची असतात, शाळेची असतात, विहिरीच्या काठावर उभ्या असलेल्या माणसांची असतात.

आता मुलांचं वेगळं काय, ते थोडं सावकाश सांगते. हे कळलं की बाकीचं सगळं आपोआप उलगडतं.

मोठ्या माणसाचं हृदय अचानक बंद पडतं, तेव्हा ते बहुतेक वेळा हृदयाच्याच आजाराने. त्या क्षणापर्यंत त्याचा श्वास चालू असतो, त्यामुळे रक्तात प्राणवायू शिल्लक असतो. पहिली काही मिनिटं नुसती छाती दाबून ते रक्त फिरवलं, तरी मेंदूला आधार मिळतो. मुलाचं हृदय सहसा धडधाकट असतं. ते थांबतं, कारण त्याआधी श्वास थांबलेला असतो. पाण्यात बुडणं, घशात शेंगदाणा अडकणं, न्यूमोनिया, दम्याचा जोराचा झटका, लांबलेली आकडी, मण्यार चावल्यावर लुळे पडलेले श्वासाचे स्नायू, वाट कुठलीही असो, क्रम तोच. प्राणवायू संपत जातो, हृदयाचे ठोके मंदावतात आणि सगळ्यात शेवटी हृदय थांबतं. तोवर रक्तातला साठा रिकामा झालेला असतो. अशा मुलाची नुसती छाती दाबणं म्हणजे आड कोरडा पडल्यावर रहाट ओढत राहण्यासारखं आहे.

या क्रमातच एक संधीही दडलेली असते. श्वास थांबलेला आहे पण हृदय अजून चालू आहे, असा एक छोटा काळ मुलांमध्ये मिळतो. तेवढ्यात कुणी नीट श्वास दिले, तर कधी कधी छाती दाबायची वेळच येत नाही. मूल खोकतं, रडतं, लाल होतं. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. बालरोगतज्ज्ञाच्या आयुष्यात त्या रडण्याहून गोड आवाज नाही.

शरीराची ठेवणही निराळी. बाळाचं डोकं अंगाच्या मानाने मोठं, जीभ मोठी आणि श्वासनलिका जेमतेम चार मिलिमीटर रुंद. मोठ्या माणसासारखी मान मागे टाकली, तर बाळाची हवेची वाट उलट दुमडते. आमच्या सेविका म्हणतात, “नाक आभाळाकडे.” यापेक्षा चांगली सूचना मला कुठल्या पाठ्यपुस्तकात सापडलेली नाही. एक वर्षाच्या आतलं बाळ असेल, तर आपल्या तोंडात त्याचं तोंड आणि नाक दोन्ही घ्यायचं, आणि गालात मावेल एवढीच हवा हळूच सोडायची. छाती उचललेली दिसली की पुरे.

या विद्येचा इतिहास मला फार ओढ लावतो. सुईणी न रडणाऱ्या नवजात बाळाच्या तोंडात फुंकर घालत, हे ज्ञान जुनं आहे. इंग्लंडमधल्या बेंजामिन प्यू या प्रसूतितज्ज्ञाने १७५४ साली नवजात बाळाला तोंडाने श्वास देण्याची शिफारस आपल्या ग्रंथात लिहून ठेवली. त्याआधी, १७४० साली, पॅरिसच्या विज्ञान अकादमीने बुडालेल्यांसाठी हाच उपाय सांगितला होता. १७६७ साली कालव्यांच्या अॅम्स्टरडॅम शहरात बुडालेल्यांना वाचवण्यासाठी एक संस्थाच उभी राहिली. म्हणजे सुरुवात श्वासापासून झाली होती. पुढे ही वाट हरवली. दुसऱ्याच्या तोंडाला तोंड लावणं अशिष्ट वाटू लागलं आणि हात वरखाली करणं, पाठ दाबणं अशा पद्धती आल्या. १८७१ साली जर्मनीच्या शुल्त्से यांनी तर नवजात बाळाला खांद्यांना धरून हवेत झुलवायची पद्धत सांगितली. ती कित्येक वर्षं चालली. आपल्याकडेही बाळाला उलटं धरून चापट्या मारणं, थंड पाण्याचा हबका मारणं, कानाशी थाळी वाजवणं, वार गरम करणं हे प्रकार झालेच. त्या सुईणींना हसण्याचा अधिकार कुणालाच नाही. त्याच काळात मोठमोठे प्राध्यापकही बाळं झुलवत होते.

विसरलेला श्वास परत आणला जेम्स एलम आणि पीटर साफार यांनी, १९५० च्या दशकात. आपण सोडलेल्या हवेतही दुसऱ्याला जगवण्याइतका प्राणवायू असतो, हे साफार यांनी बाल्टिमोरमध्ये औषधाने श्वास थांबवलेल्या स्वयंसेवकांवर सिद्ध केलं. त्याच शहरात, जॉन्स हॉपकिन्समध्ये, विजेच्या झटक्याचे प्रयोग चालू असताना गाय निकरबॉकर या तरुण अभियंत्याच्या लक्षात आलं की उपकरणाच्या जड पट्ट्या कुत्र्याच्या छातीवर दाबल्या, की नुसत्या दाबानेच रक्तदाब वर जातो. त्यातून १९६० साली कुवेनहोवेन, ज्यूड आणि निकरबॉकर यांचा छाती न उघडता हृदय चालवण्याचा शोधनिबंध आला. श्वास आणि दाब एकत्र आले आणि आजचा सीपीआर जन्मला.

या कथेत दोन मुलं आहेत, आणि ती मला विसरता येत नाहीत. ज्यांनी शिकवण्यासाठीचा पहिला पुतळा बनवला, ते नॉर्वेचे आसमुंड लेर्डाल मुळात खेळणी बनवणारे. त्यांचा दोन वर्षांचा मुलगा पाण्यात बुडता बुडता वाचला होता, वडिलांनीच त्याला बाहेर काढून श्वास मोकळा केला होता. दुसरं मूल म्हणजे साफार यांची मुलगी, एलिझाबेथ. १९६६ साली दम्याच्या झटक्याने ती गेली. ज्या माणसाने जगाला श्वास द्यायला शिकवलं, त्याच्या घरात हे घडलं. साफार यांनी त्यानंतर रुग्णवाहिकेतच उपचार सुरू व्हावेत यासाठी प्रशिक्षित माणसांची सेवा उभी करायला स्वतःला वाहून घेतलं.

पण मुलांसाठी वेगळं शास्त्र लगेच आलं नाही. बराच काळ मूल म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस, असंच धरलं गेलं. नवजात बाळांकडे नीट पाहायला व्हर्जिनिया अॅपगर यांच्या गुणतक्त्याने १९५० च्या दशकात शिकवलं. मुलांच्या पुनरुज्जीवनाचे स्वतंत्र अभ्यासक्रम मात्र १९८० च्या दशकात उभे राहिले. नवजात बाळांसाठीचा १९८७ साली, मोठ्या मुलांसाठीचा प्रगत अभ्यासक्रम १९८८ साली. १९९२ पासून वेगवेगळ्या देशांच्या संस्था इल्कॉर या एका व्यासपीठावर पुरावे तपासतात. तरीही पद्धती एकसारख्या नाहीत, आणि नव्या वाचकाचा गोंधळ होतो तो इथेच.

अमेरिकन परंपरेत २०१० पासून क्रम बदलला. आधी ३० दाब, मग दोन श्वास. शिकवायला सोपं, आणि मिनिटाला १०० च्या गतीने ३० दाबांना १८ सेकंदच लागतात, एवढ्याने श्वासाला फार उशीर होत नाही, असा त्यामागचा विचार. युरोपीय परंपरा मुलांसाठी आधी पाच श्वास देते, मग दाब. नुकत्याच जन्मलेल्या बाळाचं गणित दोघांकडेही निराळं, तीन दाबांमागे एक श्वास, कारण तिथे फुप्फुसं पहिल्यांदाच हवेने भरायची असतात. तिसरी धारा ‘फक्त छाती दाबा’ म्हणणारी. भारतात भूलतज्ज्ञांच्या पुढाकाराने २०१७ साली सामान्य माणसांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वं आली, ती याच धारेतली. रस्त्यात कोसळलेल्या प्रौढ माणसासाठी ती अगदी योग्य आहेत. अनोळखी तोंडाला तोंड लावण्याचा संकोच गेला की मदतीला हात पुढे येतात. अडचण एवढीच की शाळा-कॉलेजात, सोसायट्यांमध्ये आणि मोबाइलवर लोकांनी हेच पाहिलेलं असतं, आणि मुलाच्या वेळीही ते हेच करतात.

जपानमधल्या ५१७० मुलांचा एक अभ्यास २०१० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्यात १ ते १७ वर्षांच्या ज्या मुलांच्या हृदयाचं थांबणं हृदयाच्या आजारामुळे नव्हतं, त्यांच्यापैकी श्वासासह सीपीआर मिळालेली ७.२ टक्के मुलं मेंदू शाबूत राहून जगली. नुसती छाती दाबली गेली, तिथे हे प्रमाण १.६ टक्के होतं, म्हणजे काहीच न केलेल्या मुलांइतकंच जवळपास. हे आकडे मी प्रत्येक वर्गात सांगते. सात टक्के ऐकून काही जणांचा चेहरा उतरतो. उतरू दे. खोटी आशा देणं हा या पुस्तकाचा हेतू नाही. अनेकदा सगळं बिनचूक करूनही मूल जातं. ज्या आईवडिलांनी प्रयत्न केले आणि तरी ज्यांच्या हाती यश आलं नाही, त्यांनी हे पुस्तक उघडलंच, तर आपण कमी पडलो असं मनात आणू नये.

माझं मत विचाराल, तर अमेरिकन की युरोपीय या वादात घरच्या माणसाने पडूच नये. जी पद्धत हाताला शिकवली गेली आहे, ती करावी. मात्र मुलाला श्वास द्यायचाच, यावर मी अडून बसते. ज्याला कोणत्याही कारणाने श्वास देता येत नसेल, त्याने हातावर हात ठेवून बसण्यापेक्षा छाती दाबावी, हेही तितकंच खरं.

तंत्राच्या बारकाव्यांतही बदल होत राहतात. तान्ह्या बाळाची छाती दोन बोटांनी दाबायची, असं आम्ही पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं. बोटं लवकर थकतात आणि दाब उथळ पडतो, हे पुढे दिसून आलं. छातीची जाडी एक तृतीयांश तरी खाली गेली पाहिजे, बाळात साधारण चार सेंटिमीटर, मोठ्या मुलात पाच. म्हणून २०२५ च्या अमेरिकन मार्गदर्शक तत्त्वांनी दोन बोटांची पद्धत सोडली. आता दोन्ही हातांनी छातीला वेढून दोन अंगठ्यांनी दाबायचं, किंवा एका हाताच्या तळव्याच्या टाचेने. घास अडकलेल्या मुलासाठीही त्यांनी आता आधी पाठीवर पाच दणके सांगितले आहेत, जे युरोपात पूर्वीपासून होतं. वर्षावरच्या मुलाला त्यानंतर पोटावर पाच दाब, वर्षाच्या आतल्या बाळाला पोटाऐवजी छातीवर पाच. आपल्याकडे ठसका लागला की पाठीवर थोपटतातच. फरक असा की मूल स्वतः जोरात खोकत असेल तर त्याला खोकू द्यायचं, आणि खोकला बंद पडून आवाज फुटेनासा झाला, की थोपटणं सोडून खरोखरचे दणके द्यायचे. दिसत नसलेल्या वस्तूसाठी घशात बोट मात्र घालायचं नाही. सीताफळाची बी किंवा चिंचोका बोटाने आणखी आत गेलेला मी पाहिला आहे.

इतकं सगळं बाहेरच्या देशांचं सांगितलं, पण सामान्य बाईच्या हाती बाळाचा श्वास सोपवण्याचं एक मोठं काम महाराष्ट्रातच झालं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्याच थोड्या शिकलेल्या स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. ३९ गावांत त्या घरोघरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेत. न रडणाऱ्या बाळाला श्वास कसा द्यायचा, हे त्यांना शिकवलं होतं. तोंडाने, नळी आणि मास्कने, पिशवी आणि मास्कने, अशा तिन्ही पद्धती तिथे वापरून पाहिल्या गेल्या. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निबंधानुसार, तिथला नवजात मृत्युदर तिसऱ्या वर्षी तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी खाली आला. ते यश एकट्या श्वासाचं नव्हतं, जंतुसंसर्गावरच्या उपचारांचा त्यात मोठा वाटा होता. पण दहावीही न झालेली बाई पिशवी-मास्क चालवू शकते का, हा प्रश्न तिथे कायमचा मिटला. पुढे देशभरच्या आशांच्या घरभेटींची घडी याच कामावर बसली. आमच्या वर्गात कुणी “हे आम्हाला जमायचं नाही” म्हणालं, की मी गडचिरोलीचं नाव घेते.

आणि आज याची निकड वाढली आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात सुमारे तीन लाख माणसं बुडून गेली, आणि त्यातली जवळजवळ चौथाई पाच वर्षांच्या आतली मुलं होती. आपल्या दुष्काळी पट्ट्यात शेततळी आली, पिकं जगली, आणि त्या तळ्यांच्या गुळगुळीत प्लॅस्टिकवरून घसरलेलं मूल स्वतःहून वर येऊ शकत नाही. शहरात न्हाणीघरातली अर्धी भरलेली बादलीसुद्धा पुरते. रांगतं बाळ डोक्याकडून आत गेलं, की डोकंच जड असल्यामुळे त्याला उलटता येत नाही. ही मुलं सापडतात तेव्हा जवळ डॉक्टर नसतो. आजी असते, शेजारीण असते, दहा वर्षांची ताई असते. १०८ ला फोन केला तरी गाडी यायला वेळ लागतो. आता फोन प्रत्येकाच्या खिशात असल्यामुळे तो स्पीकरवर ठेवून हात कामाला लावता येतात, ही मोठीच सोय झाली. एकटेच असाल आणि फोन जवळ नसेल, तर आधी दोन मिनिटं सीपीआर, मग फोनकडे धाव. मूल लहान असेल तर त्याला कडेवर घेऊनच जायचं.

पुस्तकाबद्दल थोडं. पुस्तक वाचून सीपीआर येत नाही. पोहणं जसं पाण्यात उतरूनच येतं, तसं हे हाताला शिकवावं लागतं. लेखिकांना हे पक्कं ठाऊक आहे, म्हणून त्यांनी वाचकाला प्रत्येक वेळी पुस्तक बाजूला ठेवून काहीतरी करायला लावलं आहे. प्रशिक्षणाची बाहुली मिळाली तर उत्तमच. नवजात बाळांच्या प्रशिक्षणासाठी पाणी भरून खऱ्या बाळाच्या वजनाची करता येणारी बाहुली मिळते, ती हातात घेतल्यावर बायका नकळत तिला छातीशी धरतात. ती नसेल तर घट्ट गुंडाळलेल्या टॉवेलवर दाबाची लय बसवता येते. जिवंत, शुद्धीवरच्या मुलावर सराव करायचा नाही, हे त्यांनी तीन ठिकाणी लिहिलं आहे आणि ते तीनही वेळा राहू द्या, असं मी त्यांना सांगितलं.

भाषेसाठी त्या दोघींशी माझी पुष्कळ खडाजंगी झाली. पहिल्या मसुद्यात ‘उरोस्थीचे संपीडन’ होतं. मी विचारलं, घाबरलेल्या आईला हे वाचून काय कळणार? आता तिथे ‘स्तनाग्रांच्या रेषेच्या जरा खाली, छातीच्या मधल्या हाडावर दाबा’ असं आहे. ‘फासळी मोडेल का?’ या प्रश्नाला त्यांनी एक अख्खं पान दिलं, कारण प्रत्येक वर्गात पहिला प्रश्न तोच येतो. मुलांच्या फासळ्या लवचीक असतात, त्या क्वचितच मोडतात, आणि समजा मोडली तरी ती जुळते. ज्या बाळाचा श्वास आणि हृदय थांबलेलं आहे, त्याला आपल्या हाताने याहून वाईट काही होऊ शकत नाही.

शेवटचं पान जाड कागदाचं आहे आणि ते फाडायचंच आहे. स्वयंपाकघराच्या दारामागे, मुलांचा हात पोचणार नाही पण आजीला चष्म्याशिवाय दिसेल अशा उंचीवर ते चिकटवा. त्यावर १०८ मोठ्या अक्षरात छापला आहे. खाली एक रिकामी चौकट आहे. तिथे तुमच्या घराचा पूर्ण पत्ता, जवळची खूण, वाडीचं किंवा गल्लीचं नाव आजच पेनने लिहून ठेवा. त्या वेळी माणसाला स्वतःच्या घराचा पत्ता सांगता येत नाही.